नलूच्या दाराला मीटर

चिंचणीच्या आमच्या मांगेलआळीत दिवसाउजेडी लावलेलं दार दिसलं की समजायचं, त्या घरात आजारी माणूस आहे नाहीतर भांडण आहे. एरवी दारं उघडी. बांबूच्या वलांडीवर बोंबील टाकायचे, अंगणातला जवळा परतायचा, कावळे हाकायचे, शेजारणीला चार शब्द सुनवायचे, हे सगळं दारातून. रात्री कुत्रं आत शिरू नये म्हणून कडी, बस.

नलूचं घर आळीच्या तोंडाशी, गाडीरस्त्याला लागून. शेजारी जमनाचं. तिथून खाली खाडीपर्यंत दोन्ही बाजूंनी घरं. बंदरावर जायचं तर आख्ख्या आळीच्या डोळ्यांखालून जावं लागतं. नवी सून पहिल्यांदा बंदरावर जाते तेव्हा तिला या वाटेचीच भीती वाटते.

नलू साठीची. बुटकी, कमरेत घट्ट, आणि आवाज असा की सरावलीत चाळीखालून हाक मारली तर वरच्या माळ्यावरची बाई ताट घेऊनच जिन्यात येते. पहाटे लिलावात माल घ्यायचा, बर्फ मारायचा, टोपली भरायची आणि रिक्षात बसून बोईसरची वाट धरायची. सरावलीत कारखान्यांत जाणाऱ्या लोकांच्या चाळी आहेत. तिथे पाण्याच्या टाकीखाली तिची जागा. हिंदी तिला तिच्यापुरती येते. "भैया, ताजा हाय, आँख देखो, मेरा नही मछली का," एवढ्यावर तिने बरीच वर्षं धंदा केला.

धंद्याचे तिचे नेम होते. कमरेला बटवा. बोहनी व्हायच्या आत त्या बटव्यातून पैसा बाहेर काढायचा नाही. रिक्षावालाही तिच्याकडून जाताना पैसे घेत नसे, परतीला दोन्ही वेळचे घ्यायचा. एकदा टाकीखाली बसल्या बसल्या तिला चक्कर आली, कोणीतरी म्हणालं चहा घे, तर ही म्हणाली, "बोहनी झाली की घेते." आमच्या बायकांत हे सगळ्याच पाळतात, पण नलू जरा जास्तच पाळायची. तिच्या आईचं म्हणणं होतं की बोहनीआधी गेलेला पैसा दिवसभराचा गिऱ्हाईक सोबत घेऊन जातो. आईने दिलेल्या गोष्टींत नलूकडे एवढीच उरली होती.

नवरा कमलाकांत. आळीत त्याला नावाने कोणी हाक मारली नाही, तांडेलच म्हणत. स्वतःच्या बोटीचा तांडेल, बोटीवर हुकूम त्याचाच, हात लांब, तोंड फाटकं. वादळात बोट घेऊन परत आला तेव्हा पोलिसांनी विचारलं, इतक्या लाटांत कसे आलात, तर हा म्हणाला, "तिकडं ऱ्हायची सोय नव्हती."

मग त्याचं डोकं गळायला लागलं. आधी डिझेलचा डबा कुठे ठेवला ते विसरला. मग खलाशांची नावं. मग बोट विकली ते. विकली त्याच्याच सहीने, पण ती सहीही गेली. पालघरच्या डॉक्टरने गोळ्या दिल्या आणि सांगितलं, लक्ष ठेवा. कोणी ठेवायचं ते डॉक्टरने सांगितलं नाही. एकच मुलगी, हेमांगी, ती मनोरला दिलेली. नलूने घरी बसायचं तर चूल बंद.

बाकी सगळं विसरला तरी पाणी विसरला नाही. घड्याळ नको, पंचांग नको. ओहोटी लागली की तांडेल खाटेवरून उठायचा, टोपी चढवायचा आणि खाली निघायचा. बोट जिथे बांधायची तिथे.

त्याला परत फिरवायची आळीची एक रीत होती. हात धरायचा नाही, हात धरला तर तो मारायचा. बोट विकलीस असंही सांगायचं नाही, तसं सांगितलं की तो चोराच्या मागे लागायचा. वारा जोराचा आहे म्हणावं तर तो स्वतः वर बघायचा आणि सांगणाऱ्याला खोटारडा ठरवायचा. डिझेल नाही म्हणावं तर म्हणायचा, उसनं काढतो. शेवटी कोणाला तरी सुचलं ते बर्फाचं.

"तांडेल, कुटं निगालास?"

"बोट काडतो. पानी उतरतंय."

"बर्फ नाय आला आजून."

तो थांबायचा. बर्फाशिवाय बोट काढून करायचं काय, मासा सडणार. वळून थुंकायचा, बर्फाच्या कारखानदाराच्या आईबापांची आठवण काढायचा आणि मुकाट घरी जायचा. म्हाताऱ्यापासून शेंबड्या पोरापर्यंत सगळ्यांना हे पाठ होतं. बंदरापर्यंत जायला निघालेला तांडेल तिसऱ्या-चौथ्या घराच्या पुढे कधी गेला नाही. आणि वाटेत जमनाच्या ओट्यावर बसून जाळ्याला दोन गाठी मारायचा. गाठी बरोबर पडायच्या. बोटांना अजून आठवत होतं.

हे असंच चाललं असतं. पण एके दिवशी तो खाली न जाता उलटा, गाडीरस्त्याला गेला. तिकडे आळीचे डोळे नाहीत. तारापूरकडे चाललेल्या एका टँकरने ब्रेक मारला, ड्रायव्हरने खाली उतरून तांडेलाला बाजूला बसवला, पाणी पाजलं आणि विचारपूस करत घरी आणला. नलू संध्याकाळी आली तेव्हा तो ड्रायव्हर ओट्यावर तसाच वाट बघत होता. तिला म्हणाला, "अम्मा, इनको अकेला मत छोड़ो." नलूने त्याला उरलेली मांदेली बांधून दिली.

दुसऱ्या दिवशी बाहेरून कडी लावून गेली. तांडेलाने दारावर डोकं आपटून घेतलं. पाणी आत येतंय, बोट बुडते, म्हणून ओरडत होता. कपाळाला टाके पडले. कडी तिथेच संपली.

मग हेमांगीने यंत्राचं काढलं. ती मनोरला हायवेवरच्या एका हॉटेलात हिशेब बघते, तिथे कोठीच्या दाराला तसं यंत्र होतं. दाराच्या फळीला एक लोहचुंबक, चौकटीला एक डबी, आत भिंतीवर पेटी, पेटीत सिमकार्ड. दार उघडलं की मालकाच्या फोनवर मेसेज.

दोघी मायलेकी बोईसरला नवापूर रोडवर हर्षितच्या दुकानात गेल्या. हर्षित तिशीचा, दुकान बापाचं, आधी पंखे-मिक्सर विकायचे, आता कॅमेरे आणि असली यंत्रं. नलूने पेटी हातात घेतली, उलटी केली, फटीत नख घालून बघितली. माशाचे कल्ले बघते तशी.

"कितीला?"

"बत्तीसशे, मावशी. फिटिंग धरून."

"मासा बी नाय, मटन बी नाय, बत्तीसशे कशाचे?"

सत्तावीसशेला भाव तुटला. तेव्हा हर्षितने पुढचं सांगितलं. "घरी वायफाय असेल आणि तुमचा मोठा फोन असेल तर ॲपवर फुकट येतं. साध्या फोनवर मेसेज पाहिजे तर पॅक मारायला लागतो. शंभर मेसेज, एक महिना. दोघांतलं जे आधी संपेल ते."

नलूने आपला बटणांचा फोन काढून काउंटरवर ठेवला. "म्हंजे ज्याच्याकडं नेट, मोटा फोन, सगळं, त्याला फुकट. आन माज्या डबड्याला पैशे."

"मेसेज कंपनी पाठवते ना, मावशी. बँक नाही का, मेसेजचे कापते?"

"कापते. आन कापले म्हनून परत मेसेज पाटवते."

हर्षित हसला. म्हणाला, कॉलचा पण पॅक आहे, दार उघडलं की सरळ फोन वाजेल, पण दुप्पट पैसे. हेमांगीला तो हवा होता. नलू म्हणाली, "मेसेज बी वाजतोच. मना वाचायचा थोडाच हाय." नलूला अक्षर येत नाही. मेसेजात काय लिहिलंय ते तिला कळणार नव्हतंच, आणि कळून करायचं काय होतं? हेमांगीने त्या नंबराला वेगळा आवाज लावून दिला. टिटवी ओरडते तसा. टिटवी म्हणजे दार.

पहिल्या दिवसांत यंत्राने काम केलं, हे सांगायलाच हवं. टाकीखाली नलू करंदी मापत असायची, कमरेला टिटवी ओरडायची, आणि ती तराजू तसाच धरून जमनाला फोन लावायची.

"जमने, बग गं, निगाला काय?"

"निगालाय. उबा ऱ्हा म्हनते त्याला."

जमना उठायची, बर्फाचं सांगायची, तांडेल परत. गाडीरस्त्याला गेला तर जमनाचा पोरगा सुजीत सायकलवर जाऊन आणायचा. सरावलीतल्या बायका म्हणायच्या, मौसी, तुम्हारा आदमी तो रिमोट पे चलता है. नलूला बरं वाटायचं. बऱ्याच दिवसांनी ती गिऱ्हाइकाशी मन लावून भांडायला लागली होती.

पण पंधरवडा व्हायच्या आत शंभर मेसेज संपले. तिला वाटलं हर्षितने फसवलं. जाऊन भांडली. त्याने कॉम्प्युटरवर दाखवलं, हे बघा मावशी, सकाळी, परत सकाळी, परत. नलूला अक्षर नाही, पण रांग दिसली. तांडेल दिवसातून दोनदा निघायचा. बाकी दार उघडत होती आळी. जमना त्याला पेज द्यायला यायची, मीठ घ्यायला यायची, काही नसलं तरी डोकावायला यायची. पोरं चेंडू शोधायला. मांजर. खाडीचा वारा. प्रत्येक वेळी कंपनी पैसे मोजत होती, आणि प्रत्येक वेळी नलू तिकडे तराजू टाकून फोन लावत होती.

नवा पॅक मारून ती घरी आली आणि आळीत सांगत फिरली. दार लोटून जाते, उगाच कोणी उघडू नका, एकेका उघडण्याला पैसा पडतो.

जमना जवळा परतत होती. मान वर न करता म्हणाली, "रिक्षाला आसतो तसा दाराला मीटर लावलास काय गं?"

"तसंच समज."

"मंग बसल्यावर किती, आन उतरल्यावर किती, ते बी सांगून ठेव."

"जमने, माजी चेष्टा नको करूस. शंभर मेसेज तुमीच खाल्लेत."

"आमी तुज्या नवऱ्याला पेज दिली, त्याचे बी लाव मीटरला."

झालं. त्या दिवसापासून आळीत नाव पडलं, मीटरवालीचं घर. हळदीकुंकवाला गेली तरी कोणी ना कोणी विचारणार, मीटर किती झाला? जमनाने आत जाणं सोडलं. माणुसकी सोडली नाही, दुपारी थाळी खिडकीतून आत सरकवायची. पण खिडकीतून थाळी सरकवताना बसून बोलता येत नाही. तांडेल दाराऐवजी खिडकीत बसायला लागला. ओट्यावरच्या गाठी थांबल्या. पोरांना सांगितलेलं, तिकडे चेंडू टाकायचा नाही.

नलूला हे दिसत नव्हतं असं नाही. पण पॅक आता महिनाभर पुरत होता. टिटवी ओरडली म्हणजे नक्की तोच. फोन लावायचा, जमना उठायची, जरा तुटक बोलायची, पण उठायची.

आणि एक गोष्ट कोणाच्याच ध्यानात न येता झाली. आधी तांडेल दिसला की जो तो आपणहून बर्फाचं सांगायचा. आता तांडेल दिसला की माणूस आधी जमनाच्या ओट्याकडे बघायचा. नलूला मेसेज गेला असणार, तिचा फोन येणार, जमना उठणार. आपण कशाला मधे? मीटरवालीचं काम, तिने पैसे भरलेत.

तो मंगळवार होता, आणि त्यातून अंगारकी.

नलूला माहीत होतं की आज धंदा थंड. पण आदल्या दिवशी मांदेली स्वस्त मिळाली होती आणि बर्फात ठेवून ठेवून किती ठेवणार? तांडेल खाटेवर झोपलेला, त्याच्या उशाशी पाणी ठेवलं, दार लोटलं आणि निघाली. रिक्षा सरावलीत पोचते तोच फोन वाजला. टिटवी नाही, साधा. हर्षित.

"मावशी, तुमचा पॅक काल रात्री संपला. आज मारून घ्या, नाहीतर मेसेज येणार नाही."

"टाक तुजे. दुपारी देते."

"मावशी, आत्ता शटर उघडतोय. माझी बोहनी व्हायची आहे. बोहनीलाच उधार कसा देऊ? तुम्ही पैसे घेऊन या, एका मिनिटाचं काम."

"माजी कुटं झालीय? बटव्याला हात लावला नाय आजून."

दोघांनाही एकमेकांचं म्हणणं पटलेलं होतं. पुढे वाद घालायला जागाच नव्हती. हर्षित म्हणाला, "बघा मग, बोहनी झाली की या." नलू म्हणाली, "लगेच होईल. मांदेली हाय."

तिने जमनाला फोन लावून सांगायला हवं होतं की आज यंत्र बंद आहे. डोक्यात आलंही. पण कालच पाण्याच्या नळावरून दोघींत वाजलं होतं, आणि बोहनीआधी कोणाकडे तोंड वेंगाडणं तिला नको वाटलं. अर्ध्या तासाचा प्रश्न. आळी आहेच.

बोहनी काही होईना. चाळीतून खाली येणारा प्रत्येक जण हात जोडायचा. "आज मंगल है, मौसी." मराठी घरांत अंगारकी. एक बाई नुसती भाव विचारून गेली, कपाळाला कुंकू होतं, सवयीने विचारला असेल. नलूने मांदेलीवर पाणी शिंपडलं, परत शिंपडलं. शेजारच्या भाजीवालीने सांगितलं की मेरे से ले लो सौ रुपये, बाद में देना. नलू म्हणाली, "बोहनी के पहले उधार लेना तो और बुरा." हातातला फोन ती सारखा उलटा-सुलटा करत होती. तो गप्प होता. गप्प म्हणजे तांडेल झोपला आहे, असं ती स्वतःला सांगत होती, आणि दुसऱ्या क्षणी आठवत होतं की आज गप्प म्हणजे काहीच नाही.

इकडे पाणी पुरतं उतरलं होतं.

तांडेल उठला. टोपी घातली. दार उघडून बाहेर आला, सवयीने मागे लोटलं. चौकटीवरच्या डबीत लाल दिवा लागला असेल, लागतो तसा. तो खाली निघाला.

जमनाने त्याला बघितला. ती वलांडीवर बोंबील अडकवत होती, हात चिखलासारखे चिकट. फोन ओट्यावर ठेवलेला, त्याच्याकडे बघून घेतलं. वाजेल आता. वाजला नाही. तिला वाटलं, कालचा राग धरून नलूने दुसऱ्या कोणाला लावला असेल. मग तिलाही राग आला. लाव म्हणावं.

पुढे बुधा जाळं पसरून बसला होता. तांडेलाच्याच बोटीवर एके काळी खलाशी होता. त्याने विचारलं, "तांडेल, निगालास?"

"पानी उतरलं."

"हां," बुधा म्हणाला. मागून कोणीतरी येत असेल म्हणून त्याने आळीच्या तोंडाकडे बघितलं आणि जाळ्यात मान घातली.

अशी अकरा-बारा घरं. प्रत्येक घराने बघितला. नळावरच्या बायकांनी बघितला. एका पोराने तर आईला सांगितलं, आये, तांडेलबाबा चाललाय, आणि आई म्हणाली, जाऊ दे, त्याच्या बायकोला मेसेज जातो. बऱ्याच महिन्यांनी तांडेल खाडीपर्यंत पोचला. त्याला स्वतःलाच नवल वाटलं असेल की आज बर्फ वेळेवर आला.

बोट बांधायची जागा चिखलात आत, जुन्या खुंटापाशी. चिखलात कुठे पाय टाकायचा ते त्याच्या पायांना ठाऊक होतं, पण ते जुन्या खाडीचं ज्ञान. गाळ त्यानंतर किती सरकला ते खाडीने त्याला सांगितलं नव्हतं. कंबरेपर्यंत गेला. ओरडला असेल, पण चिखलातून तांडेल ओरडतो यात नवीन काय? सगळं आयुष्य तो तिथून ओरडतच होता. मग पाणी भरायला लागलं.

दुपारच्या तोंडाला सरावलीत रात्रपाळीचा एक ओडिया पोरगा डोळे चोळत खाली आला. त्याला ना मंगळवार, ना अंगारकी. पन्नास रुपयांची मांदेली मागितली. नलूने वर चार जास्त टाकली, नोट कपाळाला लावली, तराजूला लावली, बटव्यात घातली आणि टोपली भाजीवालीच्या भरवशावर टाकून रिक्षा पकडली.

हर्षितने पैसे घेतले. त्याची बोहनी सकाळीच झाली होती, एका चार्जरवर. कॉम्प्युटरवर दोन-चार बटणं दाबली. "झालं मावशी. चालू."

नलू दुकानाची पायरी उतरली आणि टिटवी ओरडली.

तिने फोन वर धरून हर्षितला दाखवला. "निगाला बग. आत्ता निगाला." तिच्या तोंडावर हसू होतं, हे हर्षित पुढे कितीतरी लोकांना सांगत होता. वेळेवर पैसे भरले, वेळेवर मेसेज आला. जमनाला लावला. जमना उचलेना. परत लावला. उचलेना. "बसलीय रुसून," नलू म्हणाली, आणि रिक्षावाल्याला म्हणाली, सीधा चिंचणी, रुकना नही.

रिक्षात ती हिशेब करत होती. आत्ता निघाला. हळू चालतो. बुधाच्या घरापर्यंत जायला त्याला वेळ लागेल. कोणी ना कोणी बर्फाचं सांगेल. नाहीतर आपण बंदरावर गाठू.

टिटवी परत ओरडली. मग परत. पास्थळ मागे पडायच्या आत चार-पाच वेळा. नलूला राग यायला लागला. "कोन उगाडतो यवड्या येळा? आजच भरलेत पैशे." रिक्षावाला आरशातून बघत होता. टिटवी ओरडत राहिली. थोड्या वेळाने नलूने फोन दोन्ही हातांनी दाबून धरला.

आळीच्या तोंडाशी माणसं उभी होती. तिच्या दाराकडे चिखलाची ओली पावलं गेली होती, बरीच, वजन उचलून नेताना पडतात तशी खोल. खाडीच्या चिखलातली निवटी, छोटे मासे, धरणाऱ्या बायकांना पाण्यावर टोपी दिसली होती. बुधा आणि आणखी तिघांनी ओढून काढला, वाहून आणला, आणि लोटलेलं दार पायाने उघडलं. तोच पहिला मेसेज.

तांडेल खाटेवर होता. कोणीतरी तोंड पुसलं होतं. पायांचा चिखल तसाच.

जमना उंबऱ्यात बसली होती. फोन तिच्या ओट्यावरच राहिला होता. ती म्हणाली, "नलू, मना वाटलं तुना मेसेज गेला आसंल."

बुधा भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "मना बी तसंच वाटलं."

नलूने सगळ्यांकडे एकदा बघून घेतलं. आवाज मोठा केला नाही.

"बर्फाचं कुनी नाय सांगितलं त्याला?"

बायकांनी रडायला सुरुवात केली, ते त्यातल्या त्यात सोपं.

माणसं येत-जात राहिली. कोणी दार लोटायचं, कोणी उघडायचं, आणि नलूच्या मांडीवर टिटवी ओरडायची. कोणीतरी म्हणालं, तो फोन तरी बंद करा. नलूने करू दिला नाही. हेमांगी मनोरहून पोचली, दार उघडलं, टिटवी. तिरडीचे बांबू आले, टिटवी. तांडेलाला शेवटचा बाहेर काढला तेव्हाही ओरडली. नलू तेव्हा म्हणाली, "आता निगाला." घरी परत येऊन लोकांनी पाय धुतले तोवर पॅक संपला होता.

तेरावं झालं आणि नलू टाकीखाली बसायला लागली. दुसरं करणार काय? लोकांना वाटलं होतं की ती आता बोहनीचं पाळणार नाही. पाळते. सरावलीच्या एका शहाण्या बाईने विचारलं तर म्हणाली, "धंदा तोच हाय, मंग नेम का बदलू?" मात्र बोहनी लवकर झाली की तिचं तोंड उतरतं. हे मी बघितलंय. पहिला गिऱ्हाईक आठ वाजता आला तर ती नोट कपाळाला लावते आणि किती तरी वेळ बटव्यात टाकतच नाही.

घराचं दार आता उघडंच असतं. जमना येते, जाते, मीठ नेते. दोघींत बोलणं आहे. त्या दिवसाचं कोणी काढत नाही. पेटी भिंतीवर तशीच होती, पावसाळ्यापर्यंत.

पावसाळ्यात बुधा दोनदा वाट चुकला. एकदा स्वतःच्या घरासमोर उभा राहून बुधाचं घर कुठलं विचारत होता. त्याची सून प्रतीक्षा नलूकडे आली. शिकलेली आहे, तारापूरच्या कारखान्यात पॅकिंगला जाते, दिवसभर घरी कोणी नसतं. ओट्यावर बसून पदराशी चाळा करत म्हणाली, "आते, ती पेटी तुमाला लागत नसंल तर..."

"हजार," नलू म्हणाली.

"जुनी हाय ना, आते. सहाशे देते."

"सत्तावीसशेची हाय. काय बिगडलेलं नाय तिचं."

सातशेला तुटलं. सुजीतने स्क्रू काढून दिले. प्रतीक्षाने पेटी पदराखाली घेतली, जरा थांबली आणि विचारलं, "मेसेजचा पॅक घेऊ, का कॉलचा? कॉल महाग पडतो. पन मेसेज येतो ना बरोबर?"

नलू मांदेली निवडत होती. डोकी एका बाजूला, मासे एका बाजूला.

"येतो. मेसेजचाच घे, पुरतो. टायमाला पैशे भर म्हंजे झालं." मग हात थांबवून तिने आळीकडे, खालपर्यंत, एकेका घराकडे बघितलं. "लाव खुशाल. पन आळीत कुनाला कळू देऊ नको चालतंय म्हनून. बिगडलंय, आसंच सांग सगळ्यांना."